मदत हवी आहे: लेदर सीटवरची बुरशी पुसली तरी परत येते

पाऊलवाट:
गाडीच्या सीटवर पांढरी बुरशी आली आहे. पुसली की चार दिवसांत परत हजर. वासही येतो. रविवारी आईला कोल्हापूरला डॉक्टरांकडे न्यायचं आहे, तिला दमा आहे, त्याआधी हे संपायला हवं. क्लीनर कोणता आणि कंडिशनर कोणता, एवढंच सांगा. जाहिराती बघून डोकं भणाणलंय.

चाकोरी:
गाडी किती जुनी? सीट खरं लेदर की रेक्झिन? रंग? कशाने पुसता? गाडी उभी कुठे असते? एवढं तरी लिहा, नाहीतर सगळे अंदाजपंचे उत्तरं देतील.

पाऊलवाट:
लेदरच. टॉप मॉडेल आहे. काळा रंग. ओल्या फडक्याने पुसतो. रत्नागिरी.

गवतीचहा:
खोबरेल तेलाचा हलका हात फिरवा. आमच्या वडिलांच्या कोल्हापुरी चपला तेलावरच वर्षानुवर्षं टिकल्या. कातडं ते कातडं. बाजारातल्या बाटल्यांवर पैसे घालवू नका.

दगडफूल:
कृपया तेल लावू नका. कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं, वर कसलाही थर नसतो, म्हणून ते तेल पितं. गाडीच्या सीटचं कातडं बहुतेक वेळा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं आणि त्यावर रंग आणि पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर असतो. तेल त्या थरावरच बसून राहतं, धूळ धरतं, शिवणींत उतरतं. कोकणातल्या पावसाळ्यात अशा तेलकट धुळीवर बुरशीचं आयतंच फावतं.

गवतीचहा:
आम्ही वर्षानुवर्षं लावतोय, काही झालेलं नाही.

दगडफूल:
कुठे राहता तुम्ही?

गवतीचहा:
सोलापूर.

दगडफूल:
सोलापूरच्या हवेत आणि रत्नागिरीच्या हवेत किती फरक आहे ते तुम्हीच बघा.

चाकोरी:
टॉप मॉडेल म्हणजे सगळं लेदर असं नसतं. बऱ्याच गाड्यांत अंग टेकतं तेवढाच भाग लेदर, कडा आणि पाठीमागची बाजू रेक्झिन. सीटच्या खालच्या कडेला कुठे उलटी बाजू दिसते का बघा. तंतू मोकळे, मऊसर दिसले तर कातडं. विणलेलं कापड दिसलं तर रेक्झिन, आणि रेक्झिनला कंडिशनर लावून काही पदरात पडत नाही. आणि वर काही लावलेलं आहे का, पॉलिश वगैरे?

पाऊलवाट:
मे महिन्यात गॅरेजवाल्याने काहीतरी चकचकीत मारून दिलं होतं. तेव्हापासून सीट चिकट लागते. मी विचारलं होतं क्लीनर कोणता.

हडसनकाठी:
मी न्यू जर्सीत आहे. इथे हिवाळ्यात हीटरमुळे हवा फार कोरडी होते, त्यामुळे आम्ही हिवाळ्याआधी आणि नंतर कंडिशनर लावतो. पाण्यावर आधारलेला दुधाळ कंडिशनर घ्या, वाटाण्याएवढा मायक्रोफायबरवर घेऊन पातळ लावा, दहा-पंधरा मिनिटांनी कोरड्या कापडाने पुसून घ्या. सीट मऊ राहते.

दगडफूल:
तुमच्याकडे ते बरोबर आहे. त्यांच्या सीटला ओलावा कमी पडत नाहीये, जास्त झालाय. आत्ता कंडिशनर लावला तर बुरशीवरच पांघरूण घातल्यासारखं होईल. आधी मारणं, मग वाळवणं, कंडिशनर पावसाळा संपल्यावर बघू.

रानमेवा:
जीन्सचा निळा रंग सीटला लागतो त्यावर माझा अनुभव सांगते. आमच्या फिकट सीटवर निळसर डाग पडले होते. पांढऱ्या मॅजिक स्पंजने घासू नका, तो बारीक पॉलिश पेपरसारखा थर खरवडतो. डाग ताजा असतानाच सौम्य लेदर क्लीनर आणि मऊ ब्रश वापरावा.

पाऊलवाट:
माझी सीट काळी आहे.

रानमेवा:
हो, पण बाकीच्यांना उपयोगी पडेल.

चाकोरी:
पाऊलवाट, पुढच्या डाव्या सीटसमोरची रबरी मॅट उचला आणि खालच्या कार्पेटवर तळहात जोरात दाबून बघा.

पाऊलवाट:
मी सीटबद्दल विचारतोय. मॅटचा काय संबंध?

चाकोरी:
बुरशीला ओलावा कुठून मिळतो ते सापडलं नाही तर तुम्ही पुसत राहाल आणि ती येत राहील. बघून सांगा.

लाटकर:
धाग्याचा विषय नाही, पण कोल्हापुरीचं नाव निघालं म्हणून. २०१९ ला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा कर्नाटकातले चार जिल्हेही त्यात धरले. नाव कोल्हापूरचं आणि मान अर्धा, हे मला अजून पटत नाही.

दगडफूल:
बेळगाव, धारवाडकडचे कारागीरही पिढ्यान्‌पिढ्या हीच चप्पल बनवतात. त्यांना का वगळायचं? वेगळा धागा काढा, तिथे भांडू.

पाऊलवाट:
कार्पेट दाबलं तर पाणी वर आलं. वरून मॅट कोरडी होती. आता काय?

चाकोरी:
वाटलंच होतं. पाणी हाताला कसं लागतं? साधं, वास नसलेलं असेल तर एसीचं किंवा पावसाचं. रंगीत, चिकट, गोडसर वासाचं असेल तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव), म्हणजे हीटर कोअर (केबिनमध्ये गरम हवा देणारा छोटा रेडिएटर) गळतोय. एसी लावून गाडी वीस मिनिटं उभी ठेवा. या दमट हवेत गाडीखाली टपटप पाणी पडायलाच हवं. पडत नसेल तर एसीचं पाणी बाहेर सोडणारा ड्रेन पाइप तुंबलाय आणि पाणी आत येतंय. बॉनेट उघडून काचेखालच्या जाळीतली पानंही काढा, तिथून पावसाचं पाणी उतरतं. सनरूफ असेल तर त्याच्या नळ्या बघा.

पाऊलवाट:
सनरूफ नाही. साधंच पाणी आहे. गाडीखाली एक थेंब नाही.

दगडफूल:
मग आता सीट. मास्क लावा, चारही दारं उघडा, कोरडी बुरशी झटकू नका, बीजाणू गाडीभर उडतात. फडकं ओलं करून उचलून घ्या, प्रत्येक वेळी नवी घडी. मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, फडक्यावर घेऊन, सीटवर थेट फवारायचं नाही. भोकं असलेली सीट असेल तर पाणी फोममध्ये उतरतं. शिवणींना मऊ दातांचा ब्रश. आधी सीटखाली न दिसणाऱ्या जागी लावून रंग उतरतो का बघा. नंतर लेदरसाठी असलेल्या सौम्य क्लीनरने ते चिकट पॉलिश काढा. कपड्यांचा साबण नको, तो अल्कधर्मी असतो आणि कमावलेलं कातडं किंचित आम्लधर्मी. शेवटी कोरडं फडकं आणि पंखा.

गवतीचहा:
व्हिनेगरपेक्षा डेटॉल बरं. आणि कापराच्या वड्या ठेवा, वास जातो.

दगडफूल:
वास झाकला जातो, जात नाही. आणि दम्याच्या पेशंटला कापूर, डेटॉल, परफ्यूम यांतलं काहीही नको.

निळाई:
माझ्या मुलाला दमा आहे म्हणून कळकळीने सांगते. रविवारी आईंना या गाडीत बसवू नका. सीट स्वच्छ दिसली तरी कार्पेटखालचा फोम ओला आहे तोवर बुरशी आहे, आणि एसी लावला की तीच हवा तोंडावर येते. तीनेक तासांचा घाटाचा रस्ता आहे. दुसरी गाडी बघा.

पाऊलवाट:
हे मनावर घेतो. चुलतभावाची गाडी मागितली आहे, तो हो म्हणाला. सोमवारी ड्रेन पाइप काढायला नेतो. कार्पेट घरीच उचलून वाळवू का? सीटचे बोल्ट काढायचा पाना आहे माझ्याकडे.

चाकोरी:
नको. सीटखाली पिवळे कनेक्टर असतील तर ते एअरबॅगचे किंवा बेल्टच्या यंत्रणेचे असतात. बॅटरी काढून थोडा वेळ जाऊ दिल्याशिवाय त्यांना हात लावू नये. गॅरेजलाच सीट काढायला सांगा, आणि कार्पेटखालचा फोम काढून वाळवायला सांगा, नाहीतर नुसता वरून ब्लोअर मारून देतील. केबिन फिल्टरही बदलून घ्या.

हडसनकाठी:
गॅरेजमधून आली की एसी चालू ठेवताना बाहेरची हवा आत घेणारं बटण लावा, आतलीच हवा फिरवणारं नको.

लाटकर:
आणि घरच्या लेदर सोफ्यावरही हेच व्हिनेगर चालेल का?