मदत हवी आहे : दहनानंतर मिळालेली रक्षा आत्याचीच, हे कशावरून ओळखायचं?

नमस्कार मंडळी. विषय जड आहे, पण आता टाळून चालणार नाही.

माझी आत्या, वय 84, आता फार दिवसांची सोबती नाही. तिने लग्न केलं नाही, मला तिनेच वाढवलं. तिला स्वतःला या विषयाचं काही वावडं नाही. "सरळ दाहिनीत ठेवा, गाजावाजा नको. आणि कुणी तुला लुबाडलं तर परत येऊन तुझेच कान पिळीन," असं बजावून झालंय. तेव्हा दहनाची सोय बघायचं काम माझ्याकडे.

तीन ठिकाणी फोन केले. तिघेही गोड बोलले, "तुम्ही काहीच काळजी करू नका" हेही तिघांनी म्हटलं. दर तिघांनी तोंडी सांगितले, लेखी एकानेच पाठवले. आणि तिला पेसमेकर आहे का, हेही त्या एकानेच विचारलं. (आहे. मी सांगायला विसरलो होतो.)

माझी खरी अडचण पैशांची नाही. दाहिनीत 800 ते 1000 अंश तापमान असतं. दोनेक तासांनी मागे उरतात ती हाडं, तीही यंत्रात बारीक करून दोन-तीन किलोची पूड आपल्या हाती येते. एवढ्या उष्णतेत डीएनए टिकत नाही, म्हणजे नंतर तपासायची सोयच नाही. 2002 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात एका दाहिनीच्या आवारात 334 पार्थिवं दहन न करताच टाकलेली सापडली होती. काही घरच्यांना रक्षा म्हणून चक्क सिमेंटची पूड दिली होती. असं क्वचितच घडतं हे मलाही कळतं, पण वाचल्यापासून डोक्यातून जात नाही. जे तपासायचं ते आधीच, तर नेमकं काय विचारू?

रातराणी : आत्यांना नमस्कार सांगा. लेखी दर देईल त्याच्याशीच पुढचं बोला. त्यात गाडी, शीतगृहाचे दिवस, पेसमेकर काढणं, कलश हे सुटं सुटं लिहिलेलं हवं. आमच्या वेळी "सगळं धरून" म्हणाले आणि शेवटी प्रत्येक गोष्ट वेगळी निघाली. त्या दिवशी भांडायचं त्राण कुणात असतं?

जुनाजाणता : नऊ वर्षं दाहिनीवर होतो, म्हणून जरा लांबण लावतो.

पेसमेकरचं ज्याने आपणहून विचारलं, त्याच्या नावापुढे खूण करून ठेवा. त्याची बॅटरी उष्णतेने फुटते, दाहिनीचं नुकसान होतं आणि चालवणाऱ्याला इजाही होऊ शकते. म्हणून तो आधी काढावाच लागतो. दाहिनीशी ज्याचा रोजचा संबंध आहे तो हे विचारल्याशिवाय राहत नाही.

मग विचारा, दाहिनी तुमची स्वतःची का? बरेच जण नुसते मधले असतात. त्यात वावगं काही नाही, पण पार्थिव कुठल्या शीतगृहात राहील, कुणाच्या गाडीतून जाईल, दहन कुठे होईल हे त्यांना नावानिशी सांगता आलं पाहिजे. "आमची माणसं बघतात" हे उत्तर नव्हे.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर क्रमांकात आहे. आम्ही आगीत टिकणारा, क्रमांक कोरलेला धातूचा बिल्ला पार्थिवाबरोबर आत ठेवायचो आणि तोच रक्षेबरोबर बाहेर यायचा. काही जण दाहिनीच्या दारावर कार्ड लावतात. पद्धत कुठलीही असो, ताब्यात घेतल्यापासून कलश देईपर्यंत तो क्रमांक कुठे कुठे नोंदतात, हे त्यांच्या तोंडून ऐका. दहन सुरू होताना मी उभा राहू का, हेही विचारा. उभं राहायचं नसलं तरी विचारा.

आणि "एक कणही इकडचा तिकडे होत नाही" म्हणणाऱ्यापासून जपून. दाहिनीचा तळ विटांचा असतो. कितीही झाडला तरी फटीत थोडं राहतंच आणि पुढच्यात मिसळतं. प्रामाणिक माणूस हे सांगतो.

धागाकर्ता : खूप आभार. तिघांना परत फोन केले. एकाला दहन नक्की कुठे होतं हेच सांगता येईना. दुसऱ्याने कणाकणाची हमी दिली! तिसरा म्हणाला, "येऊनच बघा." काल गेलो. बिल्ला, नोंदवही, शीतगृह दाखवलं, आणि विटांच्या फटींचं मी विचारण्याआधी त्यानेच काढलं. इथेच ठरवतोय.

घरी येऊन आत्याला सगळं सांगितलं. तिने बिल्ल्याचा क्रमांक विचारला. म्हटलं, तो आत्ताच कसा मिळेल? तर म्हणे, "मग अर्धवट काम करून आलास."

एक गोष्ट अजून अडलीय. अर्जावर सर्वांत जवळच्या नातेवाइकाची सही लागते. तिचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे काका, हयात आहेत. मी तर भाचा. तिने आत्ताच माझ्या नावाने लेखी देऊन ठेवलं तर चालतं का? नियम जागोजागी वेगळे असणार, त्या संस्थेला सोमवारी विचारतोच आहे. पण कुणी हे केलं असेल तर कागद कसा केला तेवढं सांगा. तिची सही अजून ठणठणीत येते.