थंडीत परड्यात पाखरांना काय घालायचं? पारवेच सगळं संपवतात

हिंडलगा_परडं
परडं २० बाय १५ फुटांचं. एक पेरू, दोन जास्वंदी, कडेला मेंदीचं कुंपण. चिमण्या, होले, साळुंक्या, बुलबुल, सातभाई येतात. दिवाळीपासून जमिनीवर ताटलीत जोंधळा ठेवतोय, पण तो पारव्यांच्याच पोटात जातो आणि अंधार पडला की घुशी येतात. इंग्रजी साइटींवर चरबीचे गोळे टांगा म्हणतात. आपल्या हवेत ते चालतात का? धान्य कुठलं आणि किती? शिंजिरासाठी (फुलांतला मध पिणारं चिमुकलं पाखरू) साखरपाणी ठेवलं तर?

शाळू_भोरडी
चरबीचे गोळे सोडूनच द्या. जिथं रात्री पाणी गोठतं, तिथं चिमणीएवढ्या जिवाला रात्र काढायला चरबी लागते. बेळगावात डिसेंबर-जानेवारीत पहाटे १३-१४ अंश आणि दुपारी २८-३०. तो गोळा दुपारी पाझरतो, पिसांना चिकटतो, चार दिवसांत खवट होतो.

दुसरं म्हणजे आपल्याकडे थंडी हा पाखरांच्या उपासमारीचा काळ नव्हेच. खानापूरकडं भातकापणी झालेली असते, शेतात सांडलेलं भात असतं. अथणी-सौंदत्तीकडं शाळू (रब्बी ज्वारी) दाण्यात येतो, त्यावरच तर भोरड्या पाखरांचे थवे उतरतात. त्यामुळं तुमची ताटली म्हणजे वरचा खाऊ. खरी चणचण एप्रिल-मेमध्ये, आणि तीही पाण्याची जास्त.

धान्यात जोंधळा बंद करा, तो पारव्या-होल्यांचा दाणा. बाजरी २ भाग, राळा १ भाग, तांदळाची कणी १ भाग असं मिसळा. राळा मिळाला नाही तर दुकानात ‘नवणे’ म्हणून मागा, लगेच काढून देतील. चिमणीचं वजन साधारण २५ ग्रॅम, दिवसाचं खाणं ५-६ ग्रॅम, आणि त्यातलं बरंच ती बाहेरच मिळवते. पंधरा-वीस चिमण्यांना सकाळी एक मूठ, चारच्या सुमारास अर्धी. सूर्य मावळताना ताटली रिकामीच हवी. घुशी येतात त्या उरलेल्या दाण्यांवर.

एक गोष्ट मात्र कटाक्षानं पाळा. पेरणीतून उरलेलं लाल-गुलाबी बियाणं कधीही घालू नका. तो रंग औषधाचा इशारा असतो, आणि त्यातली काही कीटकनाशकं थोड्या दाण्यांतही लहान पाखराला मारतात. धुतल्यानं ती जात नाहीत. फरसाण, पाव, खारे दाणे नकोत. शेंगदाणे द्यायचे तर कच्चे, बिनमिठाचे आणि भरडलेले. बुरशी लागलेला दाणा स्वस्तात मिळाला तरी नको, त्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष असू शकतं.

जाळीवाला_वडगाव
पारव्यांना हुसकण्यात वेळ घालवू नका, पिंजरा करा. दीड इंची चौकोनाची वेल्डेड जाळी घ्या, १८ इंचांचा चौकोनी खोका वळवा. मधोमध १० इंचांची ताटली, म्हणजे चारी बाजूंना ४ इंच अंतर राहतं. चिमणी आणि मुनिया त्या भोकातून आत जातात. पारवा, होला, साळुंकी जात नाहीत. दोन इंची जाळी आणली तर साळुंकी आत शिरते, आणि एकदा शिरली की बाकी कुणाला टिकू देत नाही. कोंबड्यांची षटकोनी पातळ जाळी नको, ती वाकते आणि पाय अडकतात. कापलेली टोकं पक्कडीनं वळवून टाका.

ताटलीच्या तळाला स्टीलची बारीक जाळी हवी. पहाटेचं दव खाली गळून गेलं नाही तर बाजरी दुसऱ्या दिवशी आंबूस वास मारते. वर दोन फुटी पत्रा.

खांब सव्वा इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचा, जमिनीवर साडेपाच फूट. त्यावर चार इंची पीव्हीसी पाइपचा दोन फुटांचा तुकडा, वरून टोपण लावून, जमिनीपासून दोन फूट उंच लटकवा. उंदीर-घूस आत अडकून परततात, मांजराला पकड मिळत नाही. खार मात्र येईलच, तिला अडवायचा नाद सोडा.

पहिला आठवडा पिंजऱ्याची एक बाजू उघडी ठेवा. एकदम बंद केलात तर चिमण्या बिचकतात आणि लोक म्हणतात पिंजरा चालत नाही.

हिंडलगा_परडं
चार इंचच का? दोन ठेवले तर पिंजरा लहान होईल की.

जाळीवाला_वडगाव
पारवा मान आत घालून ताटलीपर्यंत पोचतो, म्हणून. आणि खांब कुंपणापासून निदान दोन मीटर लांब रोवा. मेंदीत मांजर दबा धरून बसतं. फार उघड्यावरही नको, शिक्रा आला तर चिमण्यांना लपायला झुडूप जवळ लागतं.

खानापूर_जंगलकड
धान्याचीच चर्चा चाललीय, पण तुमच्या यादीतले बुलबुल आणि सातभाई पिंजऱ्याकडं फारसे फिरकणार नाहीत. सातभाई पाचोळा उलटून किडे खातात. पेरूखालचा पाचोळा झाडायचं थांबवा, तेवढंच त्यांचं जेवण. बुलबुलाला पिकलेल्या पपईची फोड खिळ्याला अडकवा, दुपारी उरलेली काढून टाका, नाहीतर मुंग्या आणि गांधीलमाश्या.

शिंजिराला साखरपाण्याची गरज नाही, जास्वंदी आहेत की. तरी ठेवायचंच असेल तर १ भाग पांढरी साखर, ४ भाग पाणी, रंग नको, रोज बदला. मध आणि गूळ दोन्ही नको, लवकर आंबतात आणि बुरशी धरते. त्यापेक्षा हमेलियाचं फुलझाड लावा. शेजारच्या आंब्यावर बांडगूळ असेल तर सगळं तोडायचा आग्रह धरू नका, शिंजीर आणि फुलटोच्या त्याच्यावर असतात.

मला विचाराल तर पैसे पाण्यावर घाला. खानापूरची मातीची पसरट थाळी, कडेला एक इंच, मध्ये जेमतेम दोन इंच खोल. चकचकीत झिलईची नको, पाय घसरतात. मध्ये एक खडबडीत दगड. रोज ओतून नारळाच्या शेंडीनं घासा, साबण नको. आठवडाभर तसंच राहिलं तर डासांची पैदास होते.

शाळू_भोरडी
पाण्यावर सहमत. पण धान्य बंदच करा असं मी म्हणणार नाही. गावभर सिमेंट झालंय, वळचणीच्या चिमणीला मूठभर बाजरीनं बिघडत काही नाही. बिघडतं ते घाण ताटलीनं.

आठवड्याला ताटली गरम पाण्यानं धुवा. महिन्यातून एकदा १ भाग ब्लीच, ९ भाग पाणी, दहा मिनिटं भिजवून खळखळून धुवा आणि उन्हात कोरडी करा. एखादा होला अंग फुगवून, चोच उघडी टाकून बसलाय, गिळता येत नाहीय असं दिसलं, तर धान्य आणि पाणी दोन्ही दोन आठवडे बंद. तो रोग ताटलीतूनच पसरतो. अशा वेळी सगळी पाखरं विखुरलेलीच बरी. पारव्यांची वाळलेली विष्ठा झाडण्याआधी पाणी मारा आणि मास्क लावा, ती धूळ फुप्फुसांना वाईट.

हिंडलगा_परडं
संक्रांतीला आठ दिवस गावाला जाणार आहे. डबा भरून ठेवू का?

जाळीवाला_वडगाव
नको. जायच्या आधी चार दिवस मूठ निम्मी करा, मग बंद. ती दुसरीकडं खातील. थाळीतलं पाणी शेजाऱ्यांना बदलायला सांगा, कुणी नसेल तर पालथी घालून जा.