फोटोतलं लोकेशन कायमचं पुसा म्हणणाऱ्यांना उत्तर

पायवाट

परवा इथे एक पोस्ट आली की 'फोटोत लोकेशन ठेवणं म्हणजे कुलपाला किल्ली तशीच लावून बाहेर जाणं, आजच बंद करा आणि जुन्या सगळ्या फोटोंतूनही पुसून टाका'. खाली लोकांनी पुसलं, पुसलं, धन्यवाद असं लिहिलंय. मला राहवलं नाही म्हणून वेगळा धागा काढतोय.

बाबा गेले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत दोनेक हजार प्रिंट निघाल्या. काहींच्या मागे तारीख, बाकी कोऱ्या. एका फोटोत आई नदीकाठी दगडावर बसलीये, मागे अर्धा पडलेला पूल. कुठली नदी, कुठला पूल, सांगणारं कुणी उरलं नाही. काकांना घेऊन सहा महिने बसलो, एकेक प्रिंट स्कॅन करायची, त्यांना दाखवायची, त्यांना आठवलं की नकाशावर पिन लावायची. चारशेच्या आसपास झाल्या आणि मग त्यांनाच काही आठवेना. उरलेल्या फोटोंना आता जागा मिळणार नाही, कधीच. आणि तुमच्या फोनने जी माहिती आपणहून लिहून ठेवलीये ती तुम्ही स्वतःच्या हाताने पुसताय? एक्झिफमधला, म्हणजे फोटोच्या फाइलीतच लपून असलेल्या वेळ-कॅमेरा-जागा वगैरे माहितीतला, जीपीएसचा भाग एकदा उडवला आणि दुसरी प्रत नसली तर संपलं.

माझं म्हणणं एवढंच की मूळ फाइलीत ठेवा, बाहेर पाठवायच्या प्रतीतून काढा. ही दोन वेगळी कामं आहेत.

जागल्या

ती पोस्ट माझी होती, त्यामुळे उत्तर मलाच द्यावं लागेल.

'पाठवताना काढा' म्हणायला सोपं आहे हो, पण कोण काढतं? मी एक जुनं कपाट विकायला काढलं, एका साइटवर फोटो टाकले, पत्ता दिला नव्हता. तिसऱ्या दिवशी एक माणूस थेट दारात. मुलगी घरी एकटी. पत्ता कुठून मिळाला विचारलं तर तिलाच सांगतो की फोटोत होता की. त्या रात्री मी जागा राहून दहा वर्षांचे फोटो साफ केले आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.

आणि हे फक्त माझ्यासारख्या अडाण्यांचं होत नाही. डिसेंबर २०१२ मध्ये तो अँटिव्हायरसवाला जॉन मॅकॅफी पोलिसांना चुकवत फिरत होता, व्हाइस या मासिकाच्या पत्रकारांनी त्याच्याबरोबरचा आयफोनवर काढलेला फोटो जसाच्या तसा टाकला आणि तो ग्वाटेमालात आहे हे सगळ्या जगाला कळलं. ज्यांचा धंदाच हा आहे ते विसरतात तर आपण काय लक्षात ठेवणार.

पायवाट

दारात माणूस आला हे वाचून काटा आला अंगावर, खरंच. पण चूक त्या साइटची आहे, तिने फोटो दाखवताना एक्झिफ काढायला हवं होतं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की लोकेशन पुसलं जातं, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहतं. आयफोनवर आयओएस १३ पासून, म्हणजे २०१९ पासून, शेअर करतानाच ते बंद करता येतं. अँड्रॉइड १० पासून फोटोतलं लोकेशन वाचायला ॲपला वेगळी परवानगी लागते. घरी कॉम्प्युटरवर एक्झिफटूल नावाच्या प्रोग्रॅमने काढलं तर ते मूळ फाइल आपणहून बाजूला ठेवतं. सोयी आहेत.

शटरबहाद्दर

तुम्ही दोघंही असं धरून चाललाय की लोकेशन बरोबरच असतं!! माझा जुना कॅमेरा चालू केला की उपग्रह सापडेपर्यंत शेवटची माहीत असलेली जागा चिकटवत बसतो. एका उपग्रहाकडून त्याच्या कक्षेची माहिती पूर्ण यायलाच ३० सेकंद लागतात, आपण तोवर वीस फोटो काढून मोकळे. समुद्रकिनाऱ्याचे साठ फोटो घरी येऊन बघतो तर सगळे विमानतळावर.

म्हणून मी फिरलेल्या वाटेचा ट्रॅक वेगळ्या जीपीएस ट्रॅकरवर रेकॉर्ड करतो आणि नंतर त्याची जीपीएक्स फाइल, म्हणजे कुठल्या वेळी कुठे होतो त्याची यादी, फोटोच्या वेळांशी जुळवतो. तिथे दुसरं दुखणं, घड्याळ. जीपीएसची वेळ यूटीसी, म्हणजे जगभर एकच असलेली प्रमाणवेळ, आणि कॅमेऱ्याची वेळ आपण लावू ती, आणि एक्झिफ १९९५ चं असून टाइमझोन लिहायची जागा त्यात २०१६ ला आली, म्हणजे वीस वर्षं कुणाला सुचलंच नाही का? चालताना घड्याळ एक मिनिट चुकलं तरी पिन ऐंशी मीटर सरकते. उपाय सांगतो, निघताना ट्रॅकरच्या स्क्रीनवरच्या घड्याळाचा एक फोटो काढा, नंतर फरक लगेच कळतो.

अक्षांश

थोडं अवांतर. पायवाट, काकांबरोबर पिना कुठे लावल्यात? फोटोत दिसणाऱ्या वस्तूवर की फोटो काढणारा उभा होता तिथे?

पायवाट

जे दिसतंय त्यावर. अजून कुठे लावणार?

अक्षांश

मग चारशेच्या चारशे चुकल्या. जीपीएस टॅग म्हणजे कॅमेऱ्याची जागा. चार किलोमीटरवरून सुळक्याचा फोटो काढला आणि पिन सुळक्यावर ठोकली तर तो फोटो पुन्हा तसाच कुणाला काढता येईल का? नदीचा काठ किती खचला, जंगल किती मागे गेलं हे बघायचं तर जुन्या फोटोवाल्याच्याच जागी जाऊन उभं राहावं लागतं. दिशाही लिहायची सोय आहे, कुणी लिहीत नाही.

कातळ

अजिबात पटलं नाही. नकाशावर लोक दीपगृह शोधतात, तुम्ही गाडी कुठे लावली होती ते नाही. तुमच्या नियमाने दीपगृहाचे फोटो वीस ठिकाणी विखुरणार आणि दीपगृहावर एकही नाही.

अक्षांश

विखुरणारच, कारण ते वीस ठिकाणांहून काढलेत! तुम्हाला दीपगृह हवं तर कॅप्शनमध्ये नाव शोधा ना. निर्देशांक, म्हणजे अक्षांश-रेखांशाचे आकडे, ही मोजलेली गोष्ट आहे, तिला तुमच्या सोयीसाठी हलवायचं नसतं.

पायवाट

'चुकल्या' हा शब्द मागे घ्या. काकांना नीट दिसत नव्हतं, भिंग धरून बघत होते एकेक फोटो. बाबा पन्नास वर्षांपूर्वी कुठल्या दगडावर उभे होते ते त्यांनी कसं सांगायचं? त्यांनी देऊळ ओळखलं, मी देवळावर पिन लावली.

अक्षांश

शब्द जास्त झाला, मागे घेतो. मुद्दा मागे घेत नाही. आणि भांडायची गरजही नव्हती, एक्झिफमध्ये कॅमेऱ्याची जागा आणि समोरच्या लक्ष्याची जागा असे दोन वेगळे टॅग आहेत, आयपीटीसी या फोटोत माहिती लिहायच्या दुसऱ्या पद्धतीतही फोटो काढल्याचं ठिकाण आणि फोटोत दिसणारं ठिकाण वेगवेगळं लिहिता येतं. देवळाची पिन दुसऱ्यात टाका, पहिला रिकामा सोडा. रिकामं असणं हे खोटं असण्यापेक्षा बरं.

कातळ

मी वापरलेल्या एकाही प्रोग्रॅममध्ये तो दुसरा टॅग नकाशावर दिसलेला नाही. पण ठीक आहे, दोन टॅग आहेत हे माहीत नव्हतं. तेवढं मान्य.

रानफूल

पिन कुठे लावायची यावर एवढं रामायण झालं, पण काही पिना लावायच्याच नसतात हे कुणी बोललं नाही. मी एका दुर्मिळ ऑर्किडचा फोटो लोकेशनसकट एका ग्रुपवर टाकला होता. आनंद झाला म्हणून टाकला. पुढच्या आठवड्यात गेले तर तिथे खड्डे. अकरा झाडं होती, एक राहिलं नाही. निर्देशांकात पाच दशांश स्थळं असली की जागा जवळजवळ मीटरभरात सापडते, खणणाऱ्याला शोधावंही लागत नाही. ती अकरा झाडं माझ्यामुळे गेली, यावर मला कुणाची समजूत नको.

आयनॅचरलिस्ट या झाडं-प्राण्यांच्या नोंदी टाकायच्या साइटवर संकटातल्या प्रजातींची जागा ०.२ अंशाच्या चौकोनात कुठेतरी दाखवतात, म्हणजे अक्षांशाच्या दिशेने साधारण २२ किलोमीटर. खरी जागा नोंदवणाऱ्याकडे राहते. आता मी तसंच करते. माझ्या फाइलीत नेमकं, बाहेर धूसर.

जागल्या

रानफूल यांचं ऐकून मूळ फाइलीत ठेवा हे मान्य करतो, पायवाट यांच्या लेक्चरमुळे नाही. पण फोन घेतल्यावर कॅमेऱ्याचं लोकेशन बंदच असावं, ज्याला हवं त्याने चालू करावं, यावर मी ठाम आहे. घरातल्या मुलाबाळांच्या जिवाशी खेळ आहे.

आणि एक सांगतो. धागा वाचता वाचता मुलीच्या पहिल्या पावलांचा फोटो काढून बघितला. तेव्हा आम्ही तीन घरं बदलली होती वर्षात. कुठल्या घरातला आहे ते मला सांगता येईना, बायकोलाही नाही. मागे नुसती पांढरी भिंत आहे.

पायवाट

जुना बॅकअप आहे का कुठे? तुम्ही फोनमधले साफ केले असतील, पण त्याआधीची प्रत कॉम्प्युटरवर घेतली असेल तर त्यात लोकेशन असेल अजून.

जागल्या

एक हार्डडिस्क आहे माळ्यावर. बघतो काढून.