इंग्लंडचा राजा विरुद्ध पार्लमेंट : अभ्यासमंडळासाठी सुरुवात कुठून करावी?

वैशाख_ठाणे

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत एक लहानसं अभ्यासमंडळ चालतं. बहुतेक जण निवृत्त, शिवाय कॉलेजात शिकणाऱ्या दोन मुली. पुढच्या चार बैठका इंग्लंडचे राजे आणि पार्लमेंट यांच्यातल्या झगड्यावर घ्यायच्या असं ठरलंय आणि मांडणी माझ्याकडे आली आहे. शाळेत शिकलेलं 'मॅग्ना कार्टा, क्रॉमवेल, रक्तहीन क्रांती' एवढंच सगळ्यांच्या डोक्यात आहे.

मला सल्ला हवाय तो असा. सुरुवात १२१५ पासून करू का? मूळ कागदपत्रांपैकी कुठली आमच्यासारख्यांना एका बसणीत वाचता येतील? लढायांना किती वेळ द्यावा? आणि आमच्यातल्या एक काकू मे महिन्यात मुलाकडे लंडनला जात आहेत, त्यांनी काय पाहून यावं? सविस्तर लिहिलंत तर फार मदत होईल.

नीरक्षीर

वैशाखताई, विषय उत्तम निवडलात. माझं ठाम मत : १२१५ पासून सुरू करू नका. रनिमीडच्या कुरणात जॉन राजाने सरदारांना जे लिहून दिलं, ते त्या वेळी फार दिवस टिकलंही नाही. त्या सनदेला पुन्हा धार आली ती चारशे वर्षांनी, एडवर्ड कोकसारख्या कायदेपंडितांनी ती राजासमोर ठेवली तेव्हा. म्हणून १६२५ ला, पहिला चार्ल्स गादीवर आला तिथून सुरुवात करा आणि मॅग्ना कार्टाकडे मागे वळून पाहा.

आणि पैशापासून सुरू करा. राजाने एरवी स्वतःच्या जमिनी आणि जकात यांवर भागवावं अशी जुनी रीत होती. नवीन राजा आला की पहिलंच पार्लमेंट त्याला जकातीचा हक्क तहहयात देऊन टाकत असे. १६२५ च्या कॉमन्स सभेने, म्हणजे पार्लमेंटच्या निवडून आलेल्या सभागृहाने, तो फक्त एका वर्षासाठी द्यायचं ठरवलं. चार्ल्सने जकात वसूल करणं थांबवलं नाही. त्यात स्पेनशी युद्ध, मग फ्रान्सशी युद्ध, आणि राजाचा लाडका बकिंगहॅम एकामागून एक मोहिमा बुडवतोय. पार्लमेंटने बकिंगहॅमवर महाभियोग चालवला, तर राजाने पार्लमेंटच विसर्जित केलं आणि सक्तीचं कर्ज उगवायला घेतलं. ज्यांनी नकार दिला ते तुरुंगात. त्यांतल्या पाच सरदारांनी कोर्टात विचारलं, आमचा गुन्हा काय? उत्तर आलं, राजाचा खास हुकूम. बस्स, एवढंच कारण.

या उत्तरातून १६२८ ची 'पिटिशन ऑफ राइट' निघाली. तुमच्या मंडळासाठी पहिला कागद हाच. लहान आहे आणि मागण्या चारच : पार्लमेंटच्या संमतीशिवाय कर नको, कारण न सांगता कैद नको, लोकांच्या घरांत सैनिक उतरवायचे नाहीत, शांततेच्या काळात लष्करी कायदा लावायचा नाही. प्रत्येक मागणीच्या मागे नुकतीच घडलेली एकेक घटना आहे. कागद वाचताना ती घटना सांगितली की कोणालाही कंटाळा येणार नाही.

२ मार्च १६२९ चा दिवस मात्र सोडू नका. राजाचा सभा तहकूब करण्याचा हुकूम आला आहे, सभापती जॉन फिंच उठायला बघतोय, आणि डेन्झिल होल्स व बेंजामिन व्हॅलेंटाइन त्याला खुर्चीत दाबून बसवून ठेवताहेत. तेवढ्यात जॉन इलियटचे तीन ठराव मंजूर होतात. इलियट पुढे लंडनच्या टॉवरच्या कैदेतच १६३२ साली वारला. त्यानंतर अकरा वर्षं पार्लमेंट भरलंच नाही.

या अकरा वर्षांतलं जहाजपट्टीचं प्रकरण पहिल्या बैठकीचा शेवट म्हणून घ्या. युद्धकाळात किनाऱ्यावरच्या गावांकडून जहाजांसाठी घेतली जाणारी ही पट्टी चार्ल्सने शांततेच्या काळात, १६३५ पासून देशभर लावली. जॉन हॅम्पडन या श्रीमंत जमीनदाराने वीस शिलिंग भरायला नकार दिला. रक्कम त्याला सहज परवडणारी होती, तो लढला ते तत्त्वासाठी. १६३८ मध्ये बारा न्यायाधीशांपैकी सात राजाच्या बाजूने गेले, पाच हॅम्पडनच्या. हॅम्पडन हरला, पण राजाने नेमलेल्या न्यायाधीशांतले पाच जण विरुद्ध जातात हे देशाने पाहिलं, आणि वसुली ढासळू लागली.

शेवंती

नीरक्षीर यांचा प्रतिसाद आवडला, पण एका मुद्द्यावर माझा आक्षेप आहे. निव्वळ पैशाने १६४० समजत नाही. अकरा वर्षं पार्लमेंटशिवाय निभावलंच होतं ना राजाने? ते मोडलं स्कॉटलंडमुळे, आणि स्कॉटलंड पेटलं ते राजाने लादलेल्या प्रार्थनापुस्तकामुळे. जुलै १६३७ मध्ये एडिंबराच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये नवीन पुस्तकातून प्रार्थना सुरू होताच दंगल झाली. पुढच्या वर्षी स्कॉटिश लोकांनी आपला धर्म राखण्याच्या शपथपत्रावर सह्या केल्या, मग फौज उभी केली. त्यांच्याशी लढायला चार्ल्सला पैसा हवा होता, म्हणून एप्रिल १६४० ला पार्लमेंट बोलावलं आणि तीन आठवड्यांत विसर्जित केलं. नोव्हेंबरात पुन्हा बोलावावं लागलं. धर्म काढून टाकलात तर ही साखळी तुटते.

दुसरी गोष्ट आयर्लंडची. १६४१ च्या उन्हाळ्यापर्यंत पार्लमेंटने बहुतेक सगळं मिळवलं होतं. जहाजपट्टी बेकायदा ठरली, स्टार चेंबर हे राजाचं खास न्यायालय बंद झालं, दर तीन वर्षांनी पार्लमेंट भरलंच पाहिजे असा कायदा झाला, राजाचा उजवा हात स्ट्रॅफर्ड याचं शीर गेलं. इथे थांबता आलं असतं. पण ऑक्टोबरात आयर्लंडात बंड झालं, फौज उभारणं भाग होतं, आणि ती फौज या राजाच्या हाती द्यायची का, हा प्रश्न उभा राहिला. तिथे कॉमन्सचीच उभी फूट पडली. राजाविरुद्धच्या तक्रारींची लांबलचक यादी, म्हणजे 'ग्रँड रिमॉन्स्ट्रन्स', १५९ विरुद्ध १४८ मतांनी जेमतेम मंजूर झाली. यादवी युद्ध कुठून आलं ते या अकरा मतांच्या फरकात दिसतं. हा सगळा कागद वाचू नका, दोनशेच्या वर कलमं आहेत. निवडक दहा पुरेत.

लढायांबद्दल : एजहिल, मार्स्टन मूर, नेझबी ही तीन नावं आणि नकाशा. पंधरा मिनिटं.

नीरक्षीर

शेवंती, मान्य. स्कॉटलंड आणि आयर्लंड दुसऱ्या बैठकीत यायलाच हवेत.

टेम्सकाठ

काकूंच्या सहलीबद्दल लिहितो, मी इथेच राहतो.

सर्वांत आधी वेस्टमिन्स्टर हॉल. जानेवारी १६४९ मध्ये चार्ल्सवर खटला चालला तो याच दालनात, आणि त्या जागेवर पायऱ्यांत पितळी पाटी आहे. शेजारच्या सेंट स्टीफन्स हॉलच्या जागी पूर्वी कॉमन्सची सभा भरायची. ती जुनी इमारत १८३४ च्या आगीत गेली, पण सभापतीची खुर्ची कुठे होती ते जमिनीवर खुणेने दाखवलं आहे. त्या खुणेपाशी जरूर थांबायला सांगा. ४ जानेवारी १६४२ ला राजा सशस्त्र माणसं घेऊन पाच सभासदांना पकडायला आला : पिम, हॅम्पडन, होल्स, हेझलरिग आणि स्ट्रोड. ते आधीच नावेतून निसटले होते. राजाने सभापती लेंथॉलला विचारलं, कुठे आहेत ते? लेंथॉलने गुडघे टेकले आणि सांगितलं, सभा सांगेल त्यापलीकडे मला इथे बघायला डोळे नाहीत आणि बोलायला जीभ नाही. त्यानंतर आजपर्यंत सभा भरलेली असताना एकही राजा किंवा राणी कॉमन्सच्या सभागृहात गेलेली नाही. अधिवेशनाच्या उद्घाटनाला राजाचा दूत येतो तेव्हा त्याच्या तोंडावर दार बंद करतात, ती प्रथा याच हक्काची आठवण आहे. सभागृहाचं कामकाज प्रेक्षक सज्जातून फुकट बघता येतं, फक्त रांगेची तयारी ठेवावी.

तिथून चालत व्हाइटहॉलला बँक्वेटिंग हाउस. छतावर रुबेन्सची चित्रं आहेत, चार्ल्सनेच वडिलांच्या गौरवासाठी करवून घेतलेली, जेम्स राजा स्वर्गात चढतोय अशी. ३० जानेवारी १६४९ ला याच दालनातून चार्ल्सला बाहेरच्या वधमंचावर नेलं. थंडीने अंग कापलं तर लोक भीती समजतील म्हणून त्याने दोन सदरे घातले होते. आत जाण्याचे दिवस ठरावीक असतात, निघण्याआधी चौकशी करा.

वेळ उरला तर पटनी पुलाजवळचं सेंट मेरी चर्च. माझी सर्वांत आवडती जागा. १६४७ च्या शरदात पार्लमेंटच्या फौजेतले अधिकारी आणि शिपायांचे प्रतिनिधी इथे बसून मत कोणाला असावं यावर वाद घालत होते.

वैशाख_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार, वाचनखूण साठवली आहे. आमच्यातल्या मुलींचा एक प्रश्न आला : पार्लमेंट म्हणजे लोक होते का? की जमीनदारांचं राजाशी भांडण?

शेवंती

मुलींना सांगा, हाच प्रश्न पटनीत विचारला गेला. परगण्यांत मत होतं ते वर्षाला चाळीस शिलिंग उत्पन्नाची जमीन असलेल्या पुरुषाला, १४३० च्या कायद्याने. कर्नल रेन्सबरो म्हणाला, इंग्लंडातल्या गरिबातल्या गरीब माणसालाही मोठ्यातल्या मोठ्यासारखंच आपलं आयुष्य जगायचं असतं, मग त्याच्या संमतीशिवाय त्याच्यावर सरकार कसं? क्रॉमवेलचा जावई आयर्टन याने उत्तर दिलं की ज्याची देशात मालमत्ता नाही त्याला मत दिलं तर मालमत्ताच टिकणार नाही. या वादाची टिपणं उपलब्ध आहेत. तिसऱ्या बैठकीत दोन मुलींना दोन बाजू देऊन वाचायला लावा.

१६४९ च्या वसंतात लेव्हलर, म्हणजे सर्वांना समान हक्क मागणाऱ्या गटाच्या बायका आपल्या तुरुंगातल्या नेत्यांसाठी अर्ज घेऊन पार्लमेंटच्या दारात गेल्या, तेव्हा त्यांना घरी जाऊन भांडी घासायला सांगण्यात आलं. राजाला नमवणारं पार्लमेंट ते हेच. आणि १६५३ मध्ये क्रॉमवेलने शिपाई आणून हेच पार्लमेंट हाकललं. राजा करू शकला नाही ते त्याने केलं. हे मुलींपासून लपवू नका.

बंदरावरचा

आपल्याकडचा धागा जोडायचा असेल तर मुंबई आहे. १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालने मुंबई दुसऱ्या चार्ल्सला, म्हणजे १६६० मध्ये गादीवर परतलेल्या पहिल्या चार्ल्सच्या मुलाला दिली आणि १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली, स्वतःच्या सनदेने. कंपनीची पूर्वेकडच्या व्यापाराची मक्तेदारीही अशीच राजाच्या सनदेवर उभी होती. १६८९ नंतर तीच सनद वादात आली. १६९४ मध्ये कॉमन्सने ठराव केला की पार्लमेंटच्या कायद्याने मनाई नसेल तर पूर्वेकडे व्यापार करण्याचा हक्क सर्व प्रजेला सारखा आहे. १६९८ मध्ये सरकारला वीस लाख पौंड कर्ज देणाऱ्यांची नवी कंपनी पार्लमेंटने उभी केली. दोन्ही कंपन्या पुढे एक झाल्या.

नीरक्षीर

बंदरावरचा यांनी चौथ्या बैठकीचा दरवाजा उघडून दिला. रक्तहीन क्रांती म्हणजे १६८८ ला हॉलंडहून विल्यम आला, राजा दुसरा जेम्स पळाला, एवढ्यावर थांबू नका. विल्यमला फ्रान्सशी लढायचं होतं आणि युद्धाला पैसा लागतो. पार्लमेंटने त्याला तो हात राखून दिला. फौजेत शिस्त राखण्याचा कायदाही थोड्या मुदतीचा, पुन्हा पुन्हा नवा करून घ्यावा लागेल असा. १६८९ पासून पार्लमेंट दर वर्षी भरत आलंय ते यामुळे.

त्या बैठकीत १६८९ चं 'बिल ऑफ राइट्स' वाचा. कलम ४ कराचं, कलम ६ शांततेच्या काळातल्या फौजेचं, कलम ९ सभागृहातल्या भाषणस्वातंत्र्याचं. कलम ९ वाचून झालं की आपल्या संविधानाचा अनुच्छेद १०५ काढा, आणि ४ नंतर अनुच्छेद २६५, कायद्याच्या अधिकाराशिवाय कर नाही. १०५ च्या मूळ मजकुरात तर सभागृहाचे विशेषाधिकार कायद्याने ठरेपर्यंत ब्रिटिश कॉमन्सप्रमाणे असतील असंच लिहिलं होतं, तो उल्लेख ४४ व्या दुरुस्तीने गेला.

वैशाख_ठाणे

आराखडा पक्का केला : १६२५ ते १६३८, मग स्कॉटलंड-आयर्लंड-पाच सभासद, मग खटला आणि पटनी, शेवटी १६८९. खटल्याला किती वेळ ठेवू?

शेवंती

अर्धा तास तरी. २० जानेवारीचा पहिला दिवस मोठ्याने वाचा. आरोप ऐकून राजा एकच विचारत राहतो : कोणत्या अधिकाराने मला इथे आणलं, कायदेशीर अधिकार म्हणतोय मी. अध्यक्ष ब्रॅडशॉ म्हणतो, इंग्लंडच्या लोकांच्या नावाने. पण लोकांच्या नावाने हा खटला उभा करणारं सभागृह तरी कोणतं? डिसेंबरात कर्नल प्राइडने शिपाई उभे करून नको असलेले सभासद बाहेर काढल्यानंतर उरलेलं. दोघांचं म्हणणं मांडायला दोन वाचक ठेवा, आणि राजाचं वाचन नीरक्षीरांच्या पक्षातल्या कोणाला तरी द्या.