डिस्कोकॅक्टसच्या माथ्यावरील पांढरी लोकर: कीड की झाडाचाच भाग?

प्रश्न – गच्चीबाग, परभणी
‘डिस्कोकॅक्टस हॉर्स्टी’ या नावाने घेतलेला माझा निवडुंग जेमतेम ५ सेंटिमीटर रुंद, वरून चपटा आणि तपकिरी-जांभळट रंगाचा आहे. पावसाळा सरल्यावर त्याच्या माथ्यावर मधोमध पांढरी लोकर दिसू लागली. कपाशीवरचा पिठ्या ढेकूण आमच्या घरी सर्वांच्या परिचयाचा असल्यामुळे ती पुसून काढावी, असे घरच्यांचे म्हणणे आहे. ही कीड आहे का? तसेच विक्रेत्याने सांगितलेले नाव बरोबर आहे, हे कशावरून ठरवावे?

उत्तर – काटेसंग्रह, लातूर
कृपया लोकर पुसू नये. तिला सेफॅलियम म्हणतात. रोप वयात आल्यावरच ती येते आणि पुढे फुले व फळे केवळ तिच्यातूनच निघतात. ती आल्यानंतर खालच्या काटेरी अंगाची वाढ जवळजवळ थांबते, म्हणून आपले रोप आता फारसे मोठे होणार नाही, आणि ते तसेच अपेक्षित आहे. पिठ्या ढेकूण असता तर तो केवळ माथ्यावर न थांबता शिरांमधल्या (अंगावरच्या उभ्या कंगोऱ्यांमधल्या) खाचांतही दिसला असता, चिकटपणा आला असता आणि मुंग्यांची ये-जा सुरू झाली असती.

उत्तर – मुरमाड, बीड
नावाबद्दल लिहितो. ही जाती ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यातील ग्राओ मोगोल परिसरात, गारगोटीच्या पांढऱ्या वाळूत वाढते. १९७३ मध्ये ब्युनिंग आणि ब्रेडेरू या निवडुंग-अभ्यासकांनी तिचे वर्णन केले. तिची सर्वांत विश्वासार्ह खूण म्हणजे काटे: ते आखूड असतात, कंगव्याच्या दातांसारखे दोन्ही बाजूंना पसरतात आणि अंगाला इतके चिकटून असतात की बोट फिरवले तरी सहसा टोचत नाहीत. शिरा साधारण वीसच्या आसपास असतात. काटे उभे, लांब व टोचरे असतील, तर रोप दुसऱ्या जातीचे समजावे. बाजारात मेलोकॅक्टस हा माथ्यावर लोकर येणारा दुसरा निवडुंगही याच नावाखाली खपवला जातो, पण त्याच्या माथ्यावर लोकरीत तांबूस राठ केस मिसळलेले असतात आणि त्याची लहान गुलाबी फुले दुपारनंतर उमलतात. डिस्कोकॅक्टसचे फूल पांढरे व सुगंधी असून रात्री उमलते, सकाळपर्यंत मिटते. एवढ्याशा अंगाच्या मानाने ते थोराडच म्हणावे लागेल.

गच्चीबाग, परभणी
आभारी आहे. काटे खरोखरच अंगाला चिकटलेले आहेत. थंडीची काही काळजी घ्यावी लागेल का?

मुरमाड, बीड
अवश्य घ्यावी. उष्ण प्रदेशातील ही जाती १५ अंशांच्या खाली अस्वस्थ होते आणि परभणीचा पारा तर डिसेंबर-जानेवारीत १० अंशांच्याही खाली उतरतो. त्या काळात कुंडी घरात उजेडाच्या खिडकीशी ठेवावी, पाणी जवळजवळ बंद करावे, आणि काळ्या मातीऐवजी जाड वाळू व मुरूम यांचे मिश्रण वापरावे. उन्हाळ्यात पाणी देतानाही ते लोकरीवर पडू देऊ नये.