बिसीबेळे भाताचा मसाला

एकांनी विचारलंय की बिसीबेळे भाताला (म्हणजे तूरडाळ, भाज्या नि चिंच घालून केलेला कर्नाटकी मसालेदार भात) घरातला सांबार मसाला चालेल का, तर चालेल हो, पण ती चव नाही येणार. बिसीबेळेच्या मसाल्यात धणे-डाळींसोबत दालचिनी, लवंग, सुकं खोबरं, ब्याडगी मिरची आणि मुख्य म्हणजे मराठी मोग्गू लागतो, लवंगेसारखाच दिसणारा पण चांगला मोठा, कर्नाटकी सामानाच्या दुकानात मिळतो, तो आणाच. तांदूळ नि तूरडाळ समसमान घेऊन एकदम गरगट शिजवा. वाफवलेल्या भाज्या चिंचेच्या कोळात मसाला घालून उकळायच्या, कच्चा वास गेला की मगच डाळभात घालायचा. गॅस बंद करताना सैलच ठेवा, निवला की लगेच आळतो. वरून साजूक तुपात काजू-कढीपत्त्याची फोडणी, आणि खारी बुंदी मात्र ताटात वाढल्यावरच, नाहीतर मऊ पडते.