‘पाथ सेपरेटर’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : पदविकेच्या विद्यार्थ्यांसाठी मी सी या प्रोग्रॅमिंग भाषेच्या टिपा मराठीत लिहीत आहे. फाइलच्या पाथमध्ये, म्हणजे फाइल कोणत्या फोल्डरात आहे ते सांगणाऱ्या पत्त्यात, लिनक्सवर / येते आणि विंडोजवर \ येते, हे सांगताना मी ‘मार्गविभाजक’ असा शब्द योजला. एका विद्यार्थिनीने विचारले, “म्हणजे रस्त्यातला दुभाजक का, सर?” तेव्हापासून तो शब्द मला खटकतो आहे. दुसरा कोणता सुचतो?

प्रतिसाद १ : ‘विभाजक’ नकोच. मसाविमधला ‘वि’ म्हणजे विभाजक, आणि सीमध्ये / हे भागाकाराचेही चिन्ह आहे. त्यामुळे विद्यार्थी हमखास घोटाळ्यात पडतील. शिवाय हे चिन्ह फोल्डरला फाइल जोडते, म्हणून मी ‘सांधा’ म्हणेन.

प्रतिसाद २ : पाथ जुळवताना तो सांधा असेल, पण पाथमधून फाइलचे नाव काढताना आपण शेवटचे चिन्ह शोधून तिथेच तोडतो. ‘स्लॅश’ सर्वांच्या तोंडी बसला असताना नव्या शब्दाची गरज मला दिसत नाही.

प्रतिसाद ३ : तोंडी बसला म्हणजे समजला असे होत नाही. स्लॅश कोणता आणि बॅकस्लॅश कोणता, हे माझे विद्यार्थी वर्षअखेरपर्यंत विचारत राहतात. माझे वडील हिशेबाच्या वहीत ५०/- लिहीत आणि त्या रेघेला ‘तिरपी दांडी’ म्हणत. तिरपी दांडी आणि उलटी दांडी, एवढे पुरेसे आहे. व्याकरणातले ‘विकल्पचिन्ह’ इथे चालणार नाही, कारण पाथमध्ये विकल्प नसतो.

प्रतिसाद ४ : उलटी दांडी आली कशी, हेही टिपांत असावे. विंडोजच्या आधीची प्रणाली म्हणजे एमएस-डॉस; १९८१ च्या तिच्या पहिल्या आवृत्तीत उपफोल्डर नव्हते आणि / हे आज्ञांच्या पर्यायांसाठी वापरात होते. १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले तेव्हा पाथसाठी \ घ्यावे लागले. सीमध्ये मात्र \ हे एस्केपचे, म्हणजे पुढचे अक्षर वेगळ्या अर्थाने वाचायला लावणारे, चिन्ह आहे. माझ्या फोल्डरचे नाव इंग्रजी ‘एन’ने सुरू होत होते, \ आणि एन मिळून नवी ओळ झाली, फाइल उघडेना, आणि चूक सापडेपर्यंत सगळी दुपार गेली. तिथे \\ लिहावे, किंवा सरळ / लिहावे. विंडोजची फाइल उघडणारी फंक्शने सहसा तेही स्वीकारतात. पण ‘एस्केप’ला तुम्ही काय म्हणता?

प्रतिसाद ३ : ‘सुटका’.

प्रतिसाद १ : सुटका कोणाची? ते चिन्ह पुढच्या अक्षराचा नेहमीचा अर्थ पालटते, म्हणून ‘पालटचिन्ह’ म्हणावे.

प्रतिसाद २ : \\ मध्ये तर दुसऱ्या दांडीला तिचा साधा अर्थ परत मिळतो. त्याला पालट कसे म्हणायचे?